एल निनो म्हणजे पावसाचे वाहन नव्हे



मृग लागायच्या सुमारास पंचांग उघडून नक्षत्राचे वाहन पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर. कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ बसणार, असा तो हिशेब. गेल्या काही वर्षांत या वाहनांच्या तांड्यात आणखी एक नाव येऊन बसले आहे. ते म्हणजे एल निनो. उन्हाळ्यात वर्तमानपत्रात ‘यंदा एल निनोचे सावट’ असा मथळा आला, की एसटीच्या थांब्यावर, बी-बियाण्यांच्या दुकानात आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतसुद्धा एकच निष्कर्ष ऐकू येतो : यंदा दुष्काळ!

एल निनो ही खरीखुरी, मोजता येणारी नैसर्गिक घटना आहे. तिचा आपल्या पावसाशी असलेला संबंधही खरा आहे. परंतु ‘एल निनो आला, पाऊस गेला’ हे वाक्य मात्र विज्ञानाचे नाही. या दोहोंतला फरक शाळेत शिकवला गेला पाहिजे, आणि तो शिकवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शाळेच्या अंगणातला पर्जन्यमापक व एक वही, असे माझे मत आहे. ते मत का झाले, ते क्रमाक्रमाने पाहू.

दूरचा समुद्र आणि आपले शिवार

१९७२ सालचा दुष्काळ तुमच्या आजी-आजोबांना विचारा. खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि परदेशातून आलेला मिलो यांच्या आठवणी ते सांगतील. त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर मासेमारीचा प्रचंड धंदा कोसळला. अतिमासेमारीने तो आधीच खिळखिळा झाला होता. त्यात किनाऱ्यालगतचे थंड पाणी गरम झाले आणि मासळी नाहीशी झाली. पेरूचा कोळी आणि शिरूर-दौंडचा शेतकरी यांची कधी गाठ पडण्याचा संभव नव्हता. तरीही दोघांच्या संकटामागे एकाच महासागराचा हात होता.

हे कसे घडते? पॅसिफिक महासागरावर विषुववृत्ताजवळ एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे व्यापारी वारे वाहतात. ते पृष्ठभागावरचे तापलेले पाणी इंडोनेशियाकडे लोटतात. त्यामुळे पश्चिमेकडची समुद्रपातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच राहते. पेरूच्या किनाऱ्याशी मात्र खालचे थंड पाणी वर येत राहते. गरम पाण्यावरची हवा बाष्प घेऊन वर चढते, तिच्यातून पाऊस पडतो, आणि कोरडी झालेली हवा उंचावरून दूर जाऊन दुसरीकडे खाली उतरते. हवेचा असा एक अवाढव्य रहाट तेथे फिरत असतो.

एल निनोच्या वर्षी व्यापारी वारे मंदावतात. गरम पाणी पूर्वेकडे पसरते आणि त्याच्यामागोमाग ढगांचा पसाराही पूर्वेकडे सरकतो. आता हवा वर चढण्याची जागा बदलली, म्हणजे ती खाली उतरण्याची जागाही बदलणारच. इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि पुष्कळदा भारताच्या आसपासचा प्रदेश या उतरत्या हवेच्या टापूत येतो. खाली येणारी हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सियसने तापते. तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता कमी होते, ढग विरतात. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून हवा कोंबली की पंप गरम होतो, तोच हा नियम.

ढगांची जागा बदलल्याने एवढा उलथापालथ का व्हावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे : अप्रकट उष्मा. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. एक किलोग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता हवेत मोकळी होते. गुणाकार करून विजेच्या युनिटांत मांडा. उत्तर सुमारे २,८०० युनिट येईल. एका एकरावरचा एक मिलिमीटर जर एवढा, तर हजारो किलोमीटर पसरलेल्या समुद्रावरच्या पावसाची उष्णता केवढी असेल! ही भट्टी एका जागेवरून दुसऱ्या जागी हलली, तर साऱ्या उष्ण कटिबंधाच्या हवेला ते जाणवणे स्वाभाविक आहे. दूरवरच्या हवामानातल्या अशा नात्याला आपण दूरसंबंध म्हणू.

सिमला ऑफिसचे नाव

पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. बसमधून जाताना तुम्ही तो पाहिला असेल. पुण्यात सिमला कसे, याचे उत्तर या विषयाच्या इतिहासातच आहे. ब्रिटिश काळात भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्यास होते. १९२८ साली ते पुण्यास आले, आणि लोकांनी त्याचे जुने गाव त्याच्या नावास कायमचे जोडून टाकले.

१८९९ साली या खात्याने पाऊस चांगला होईल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात देशाने भीषण दुष्काळ पाहिला. या नाचक्कीनंतर, १९०४ साली, खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर या केंब्रिजच्या गणितज्ञाकडे आली. हवामानशास्त्र त्यांचा विषय नव्हता. पाऊस का पडतो याचे सूत्र हाती नसेल, तर निदान तो कशाकशाबरोबर कमी-जास्त होतो हे तरी नोंदींतून शोधावे, असे त्यांनी ठरवले. जगभरच्या वेधशाळांतील हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे मागवून सिमल्याच्या कार्यालयातील भारतीय कारकुनांनी कागद-पेन्सिलीने हजारो सहसंबंध मोजले. त्यांतून एक मोठी गोष्ट हाती आली. पॅसिफिकवर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराच्या बाजूस तो कमी होतो, आणि उलटही घडते. तराजूच्या दोन पारड्यांसारखे हे वर-खाली होणे वॉकर यांनी ‘दक्षिणी दोलन’ या नावाने मांडले.

या दोलनाची पॅसिफिकच्या पाण्याशी सांगड जेकब ब्यर्कनेस यांनी १९६९ साली घातली, आणि हवेच्या त्या रहाटाला ‘वॉकर अभिसरण’ असे नाव दिले. भारतीय पावसाशी त्याचा ताळा घालण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्राच्या संस्थेतील डी. आर. सिक्का यांनी १९८० साली, तर जी. बी. पंत आणि बी. पार्थसारथी यांनी १९८१ साली हा संबंध आकड्यांनिशी दाखवला.

वॉकर यांची आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. शेकडो सहसंबंध तपासले, तर त्यांतले काही निव्वळ योगायोगाने मोठे निघणारच, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१४ सालीच त्यांनी खरा संबंध कोणता आणि योगायोग कोणता हे पारखण्याची एक कसोटी मांडली. आपल्याच हाती लागलेल्या सुंदर संबंधावर प्रथम आपणच संशय घ्यायचा, ही वृत्ती वैज्ञानिकाची.

एक तालुका, दोन दुष्काळ

आता वाहनाच्या हिशेबाने पाहू. एल निनो म्हणजे दुष्काळ हे खरे असते, तर १९९७ साली देश होरपळून निघायला हवा होता. त्या वर्षीचा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक. प्रत्यक्षात देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. उलट २००२ साली एल निनो मध्यम होता, पण पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला. १९७४ साली पॅसिफिकची अवस्था उलटी, म्हणजे ला निनाची होती. तरीही तूट आली.

आमच्या शिरूर तालुक्याचेच पाहा. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या १५१ तालुक्यांत शिरूर होता. त्या वर्षी पावसाळ्याच्या चार महिन्यांत एल निनो पुरता आलेलाही नव्हता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांची यादी निघाली, तीतही शिरूर आणि दौंड होते. या वर्षी मात्र एल निनो होता. २०२३ साली देशाचा एकूण पाऊस सरासरीच्या ९४ टक्के, म्हणजे फार वाईट नव्हे. पण जुलैत सरासरीहून अधिक पडलेल्या पावसाने ऑगस्टमध्ये अशी दडी मारली, की १९०१ पासूनच्या नोंदींत एवढा कोरडा ऑगस्ट सापडत नाही. पिके ऐन वाढीत असताना पडलेला महिन्याचा खंड, चार महिन्यांच्या सरासरीत लपून जातो.

याची कारणे अनेक आहेत. पहिले, एल निनो सगळे सारखे नसतात. पुण्याच्याच संस्थेतील के. कृष्णकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले, की गरम पाणी पॅसिफिकच्या मध्यभागी साठले तर भारताच्या पावसाला अधिक धोका असतो. ते पूर्वेकडे पेरूजवळ राहिले तर तितका नसतो. दुसरे, आपल्या दाराशी असलेला हिंदी महासागरही स्वस्थ बसलेला नाही. त्याचा पश्चिम भाग गरम आणि पूर्व भाग थंड झाला, तर आपल्या पावसाला बळ मिळू शकते. १९९७ आणि २०१९ साली तो तसा होता. या समुद्रावरच्या ढगांच्या दोलनाचा मोसमी पावसाशी असलेला संबंध उलगडण्यात पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे काम मोलाचे आहे. २०२५ साली त्यांचे निधन झाले.

तिसरे कारण आपल्या गावाचे. तळेगाव ढमढेरे हे वेळ नदीच्या काठचे गाव पर्जन्यछायेत येते. सह्याद्रीच्या माथ्यावर जिथे हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथून पूर्वेला काही तासांच्या अंतरावर आमच्याकडे वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. त्यातला बराचसा मोजक्या वळिवांचा आणि परतीच्या पावसाचा. एक सर नदीच्या अलीकडे पडते, पलीकडे पडत नाही. शिवाय तालुक्याच्या काही भागाला चासकमान धरणाचे पाणी मिळते. कालव्यावरच्या शेतकऱ्याचा पाऊस खेड तालुक्यातील डोंगरात पडतो, कोरडवाहू शेतकऱ्याचा त्याच्याच बांधावर. मग बारा-तेरा हजार किलोमीटरवरच्या पाण्याच्या तापमानावरून या दोघांचे भविष्य एकाच वाक्यात कसे सांगणार?

आकड्यांतच बोलायचे, तर एल निनोचे मोजमाप आणि साऱ्या देशाचा मोसमी पाऊस यांच्यातील सहसंबंध ढोबळमानाने उणे ०.५ ते ०.६ भरतो. त्याचा वर्ग करा. पावसाच्या चढउतारापैकी सुमारे पाव ते एक तृतीयांश हिस्सा या एका कारणाशी जोडता येतो, एवढाच त्याचा अर्थ. उरलेला मोठा हिस्सा इतर कारणांचा. आणि हे गणित साऱ्या देशाचे आहे. एका गावाचे नव्हे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. आपल्या तालुक्याच्या लागोपाठच्या दहा वर्षांच्या पावसाचे आकडे मिळवा आणि प्रत्येक वर्षापुढे ‘सरासरीहून जास्त’ किंवा ‘कमी’ असे लिहा. ही यादी मुलांना दाखवू नका. वर्गातल्या साठ मुलांपैकी प्रत्येकाने एक नाणे दहा वेळा उडवावे. छापा म्हणजे जास्त, काटा म्हणजे कमी. मग दोन्ही याद्या ताडून पाहा.

दहा नाणेफेकींचे १,०२४ प्रकार होतात. त्यांपैकी ५६ प्रकारांत आठ किंवा अधिक उत्तरे जुळतात. म्हणजे साठांच्या वर्गात सरासरीने तीन मुलांचे नाणे दहापैकी आठ वर्षांचा पाऊस ‘बरोबर’ सांगून जाईल! आता वर्गाला विचारा : अकराव्या वर्षी या तिघांच्या नाण्यावर भरवसा ठेवून बियाणे घ्याल का?

वाहनाच्या भाकितांचे गूढ येथेच उकलते. जुळलेली वर्षे लक्षात राहतात, न जुळलेली विसरली जातात. एल निनो या नाण्याहून वेगळा का, तर तीन कारणांनी. त्यामागे दाब, उष्णता आणि वारा यांची साखळी दाखवता येते. ज्या वर्षांवरून संबंध शोधला, त्यांच्या बाहेरच्या वर्षांवरही तो तपासला जातो. आणि प्रामाणिकपणे मांडला, तर तो ‘होईल’ असे न म्हणता ‘शक्यता इतकी’ असे म्हणतो. हवामान खात्याचा अंदाजही शक्यतेच्या टक्क्यांत दिलेला असतो. मथळ्यात येईपर्यंत टक्के गळून पडतात आणि वाहन तेवढे उरते.

शक्यता शेतकऱ्याला कळते

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. शेतकऱ्याला आणि विद्यार्थ्याला हो किंवा नाही असे उत्तर हवे असते. टक्केवारीने त्यांचा गोंधळ उडतो. हा आक्षेप मला मान्य नाही. बाजरीत तुरीचे पाटे घालणारा शेतकरी काय करतो? पाऊस लवकर गेला तर बाजरी हाती यावी, उशिरापर्यंत राहिला तर तुरीने हात द्यावा, अशी त्याची योजना असते. शक्यतेचे गणित त्याच्या बांधावर पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. डॉ. गाडगीळ यांनीही शेतकऱ्यांबरोबर बसून, पावसाच्या जुन्या नोंदींच्या आधारे भुईमुगाची पेरणी कोणत्या काळात कमी जोखमीची ठरते याचा अभ्यास केला होता. तेथे ‘यंदा पाऊस पडेल का’ हा प्रश्नच नव्हता. पाऊस बेभरवशाचा आहे हे धरूनच काय करावे, हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर नोंदींतून मिळाले.

खोट्या निश्चितीची किंमत मात्र खरी असते. एल निनोच्या धास्तीने पेरणीच न करणारा शेतकरी पाऊस चांगला झाला तर हंगाम गमावतो. ‘यंदा एल निनो नाही’ या भरवशावर पहिल्याच सरीत पेरणारा, पुढे खंड पडला तर दुबार पेरणीच्या कर्जात सापडतो. दोघांनाही चुकीचे सांगितले गेलेले असते, ते समुद्राबद्दल नाही, खात्रीबद्दल.

शाळेची पर्जन्यवही

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक माध्यमिक शाळेने पर्जन्यवही सुरू करावी. महागडे यंत्र नको. सपाट बुडाचा, सरळ भिंतींचा कोणताही डबा चालेल. डब्याचे तोंड आणि बूड सारखे असले, की त्यात साठलेल्या पाण्याची खोली म्हणजेच पाऊस; क्षेत्रफळ समीकरणातून आपोआप निघून जाते. ते कसे, हे मुलांनीच मांडून दाखवावे. डबा झाड किंवा भिंत यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजून, लिहून, डबा रिकामा करावा. हवामान खात्याची पावसाच्या मोजणीची वेळही हीच आहे. सुट्टीच्या दिवसांची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी वाटून घ्यावी. पाऊस न पडलेल्या दिवशी शून्य लिहायला विसरू नये. कोरडा दिवस हीसुद्धा नोंदच आहे.

मोबाइलवर सगळे कळत असताना ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे आहेत, हे खरे. पण एका मंडळात अनेक गावे येतात, आणि सर एका गावात पडून दुसऱ्यात चुकते. शेजारच्या चार शाळांनी आपल्या वह्या एकत्र मांडल्या, तरी हा फरक डोळ्यांना दिसेल. आणि दुसरे असे, की दुसऱ्याने दिलेला आकडा आपण वाचतो. स्वतः मोजलेल्या आकड्याला आपण प्रश्न विचारतो.

वहीच्या शेवटच्या पानावर दरवर्षी चार खाने आखा : एल निनो व कमी पाऊस, एल निनो व पुरेसा पाऊस, एल निनो नाही व कमी पाऊस, एल निनो नाही व पुरेसा पाऊस. वर्षाची एक खूण योग्य त्या खान्यात करा. पहिल्या दहा वर्षांत त्यातून फारसे सिद्ध होणार नाही, आणि तसे मुलांना स्पष्ट सांगावे. आज आठवीत असलेल्या मुलांच्या मुलांना मात्र ते पान उपयोगी पडेल. सिमल्याच्या कारकुनांपुढे आलेले आकडेही असेच कोणी कोणी, कुठल्या कुठल्या वेधशाळेत, रोज ठरल्या वेळी लिहून ठेवलेले होते.

पुढल्या उन्हाळ्यात ‘एल निनोचे सावट’ हा मथळा वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. शक्यता किती टक्के? ती देशाची की आपल्या भागाची? चार महिन्यांची की एखाद्या महिन्याची? बातमीत या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर मूळ अंदाज मिळवून वाचा, आणि घरी पेरणीचा विचार चालला असेल तेव्हा वडीलधाऱ्यांना तो वाचून दाखवा.